ब्रेकबाईंचा गळका रेडिएटर

आमच्या ताईला सगळं गाव ब्रेकबाई म्हणतं. समोर 'मॅडम', पाठ वळली की ब्रेकबाई. हे तिला ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, पण ती ते कबूल करणार नाही. आवडलेली गोष्ट कबूल करणं तिच्या स्वभावातच नाही.

ती गाडी चालवायला शिकवते. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, अचानक गेले तेव्हा माझी भाची चिंगी शाळेत जात होती आणि घरात विकण्याजोगी एकच वस्तू होती, भाऊजींची गाडी. तेव्हाही ती काही नवी नव्हती. 'विकून मोकळी हो,' असं जो तो सांगून गेला. ताईनं सगळ्यांना चहा पाजला, हो हो म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेऊन शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक बसवून घेतला. त्या गाडीत निम्म्या गावातल्या बायका ड्रायव्हिंग शिकल्या. शिकल्या असं आपलं म्हणायचं. स्टिअरिंग त्यांच्या हातात असायचं आणि गाडी थांबवायचं काम ताई करायची. समोर कुत्रं दिसलं, थांब. सायकल दिसली, थांब. पुढे वळण आहे, पलीकडे काय असेल कोण जाणे, थांब. तिच्या हाताखाली शिकलेल्या एकाही बाईनं आजवर कुणाच्या गाडीला साधा ओरखडा काढलेला नाही, आणि त्यातली एकही बाई कुठे वेळेवर पोचत नाही.

मी तिची धाकटी बहीण. माझी लाँड्री आहे, आणि माझं डोकं इस्त्रीच्या आधी तापतं असं आमचे हे म्हणतात. मीही हौसेनं ताईकडे शिकायला गेले होते. गाडी आमच्या गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा पोचेना, तेव्हा मी गुपचूप दुसऱ्या एका शाळेत नाव घातलं, तिथे शिकले आणि लायसन्स दाखवायला मोठ्या तोऱ्यात ताईकडे गेले. ती माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. पुढे बोलायला लागली, पण तिच्या गाडीचं स्टिअरिंग काही पुन्हा माझ्या हाती दिलं नाही.

गंमत म्हणजे तो ब्रेक तिच्या पायात इतका भिनलाय की गाडीतून उतरली तरी सुटत नाही. घरी सोफ्यावर बसलेली असते, आणि समोरचा माणूस तिला न पटणारं काही बोलायला लागला की तिचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. तिला पत्ताही नसतो. मी नोकरी सोडून लाँड्री काढायचं म्हणाले तेव्हा तो पाय असा काही दाबला गेला की चप्पल तुटते की काय असं मला वाटलं. आणि चिंगी तर त्या पायापुढेच लहानाची मोठी झाली. सहलीला जाऊ? पुढच्या वर्षी जा. केस कापू? कॉलेज संपू दे. घाटापलीकडच्या शहरात नोकरी लागलीय, जाऊ? अगं, एवढी घाई कसली, इथे काही मिळतंय का बघ. नोकरीच्या वेळी चिंगी थांबली नाही. बॅग भरली आणि गेली. ताई दारात उभी राहून 'पोचलीस की फोन कर' एवढंच म्हणाली आणि आत येऊन दिवसभर कपाटं आवरत बसली.

मग त्या शहरात चिंगीला तो मुलगा भेटला. लिफ्ट दुरुस्त करतो. उंच, मितभाषी, नखांत कायम ग्रीस. मला तो पाहताक्षणी आवडला. ताईलाही आवडला असावा, कारण तिला त्याच्यात काही खोट काढता येईना आणि त्यामुळे ती जास्तच चिडली. 'लग्न करा, माझं काही म्हणणं नाही,' ती म्हणाली, 'फक्त एक वर्ष थांबा.'

"कशासाठी, आई?" चिंगीनं विचारलं. "कारण सांग. कारण असेल तर थांबते."

"थांबल्यानं कुणाचं नुकसान झालंय?"

"माझं झालंय," चिंगी म्हणाली. "प्रत्येक वेळी झालंय."

त्यानंतर मायलेकींचं बोलणं बंद झालं. पुढे मला चिंगीचा फोन आला. शुक्रवारी दुपारी बारा वाजता तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयात लग्न आहे, मावशी, तू ये. आणि आई? मी विचारलं. ती म्हणाली, "तिला सांग. मी बोलावणारही नाही आणि नको म्हणणारही नाही. तिचं तिनं ठरवावं."

मी ताईला जसंच्या तसं सांगितलं. "मी जाणार नाही," ताई म्हणाली. "मला बोलावलेलं नाही." आणि पंखा पुसायला स्टुलावर चढली. ती अस्वस्थ झाली की घरावर तुटून पडते. पडद्यांना पाणी, डब्यांना उन्हं, गाद्यांना काठी. पंख्याच्या नादात स्टुलावरून पडली आणि उजवा हात मनगटापाशी मोडून घेतला. प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून दुसऱ्या हातानं भांडी घासत बसलेली मी तिला पाहिली तेव्हा मला तिची कीवही आली आणि रागही आला. कीव येऊन राग येणं हे आम्हा दोघींमधलं नेहमीचंच आहे.

गाडीचंही तेव्हा काही बरं नव्हतं. रेडिएटर गळत होता. ताई रोज रात्री गाडीखाली एक पुठ्ठा सरकवायची आणि सकाळी चहाच्या आधी तो ओढून बघायची. डाग वाढला की कपाळाला आठ्या. गॅरेजवाल्यानं आधी भोकावर कथलाचा डाख देऊन पाहिला होता, मग त्या डाखाच्या शेजारून पाणी यायला लागलं म्हणून तिथेही दिला. शेवटी त्यानं हात टेकले. "मॅडम, आता याला कुठे हात लावू? एक भोक बुजवतो तर गरमीनं दुसरं उघडतं. नवा मागवलाय, पुढच्या आठवड्यात येईल. तोवर गावातल्या गावात फिरवा. चढावर नेऊ नका." ताईनं मान डोलावली. थांबायला सांगितलेलं तिला नेहमीच पटतं.

ताईला एकटीला सोडून जायला माझाही पाय निघेना, म्हणून मीही येत नाही असं चिंगीला कळवून टाकलं होतं. शुक्रवारी सकाळी मी दुकान उघडून जेमतेम पहिली चादर टेबलावर टाकली होती, तोच ताई दारात. ठेवणीतले कपडे, केस नीट विंचरलेले, एका हातानं जमतील तेवढे, आणि बोटात गाडीची किल्ली.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? बावळटासारखं विचारू नकोस. लग्न आहे ना आज?"

मी इस्त्री बंद केली. आनंद झाला, पण घाटापलीकडे जाणारी सकाळची बस निघून गेली होती. म्हटलं, टॅक्सी बोलावते.

"ज्या गाडीत माझ्या पायाखाली ब्रेक नाही त्या गाडीत मी बसत नाही. तुला माहीत आहे."

"अगं, तुझी गाडी गळतेय! घाट चढायचाय!"

"पाणी घेऊ बरोबर. तू चालव. माझा हात मोडलाय, दिसत नाही का?"

वाद घालायला वेळ नव्हता. मी आमच्या यांना दुकानात बसवलं, घरातले सगळे कॅन नळाखाली धरले आणि डिकीत ठेवले. गॅरेजवाल्याला फोन केला. तो आधी ताईला माझ्यामार्फत चार शब्द सुनावून मोकळा झाला, मग म्हणाला, कपड्याच्या साबणाची वडी जवळ ठेवा, गळती वाढली तर इंजिन थंड झाल्यावर चिरेत दाबून भरा, थोडा वेळ तग धरेल. रेडिएटरचं झाकण पूर्ण आवळू नका, आत दाब कमी राहील. आणि काटा वर चढायला लागला की आतला हीटर पूर्ण सोडा, इंजिनची गरमी तिकडून बाहेर निघते. साबणाला माझ्याकडे काय तोटा? मी अख्खा पुडाच घेतला.

म्हणून लायसन्स मिळाल्यावर पहिल्यांदाच मी ताईच्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर बसले आणि ताई तिच्या जागेवर, माझ्या शेजारी. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत गाडी इतक्या वेळा खाडकन थांबली की डिकीतले कॅन एकमेकांवर आपटत होते.

"ताई, पाय काढ तिथून."

"समोरून माणूस येत होता."

"तो फुटपाथवर होता!"

"फुटपाथवरून उतरला असता तर?"

गाव संपेपर्यंत हेच चाललं. शेवटी मी गाडी बाजूला घेतली आणि तिला सांगितलं, की असंच करणार असशील तर मी इथूनच मागे फिरते, मग बस तुझ्या पुठ्ठ्याकडे बघत. ताईनं तोंड फिरवलं. पण दोन्ही पाय उचलून सीटखाली ओढून घेतले आणि 'झालं समाधान?' असं म्हणाली. मी म्हटलं, झालं. पुढचा सपाट रस्ता खरंच छान गेला. मला वाटलं, पोचतो आपण.

घाट लागला तसा तापमानाचा काटा हलायला लागला. आधी जरासा, मग उघड उघड. मी एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर ठेवून चालवत होते. हीटर सोडला. भर उन्हाळ्यात अंगावर भट्टीची हवा यायला लागली, काचा उघड्या असून काही उपयोग नव्हता. ताईचे विंचरलेले केस कपाळाला चिकटले. एरवी तिनं जगाला नावं ठेवली असती, पण आज ती नुसती घड्याळाकडे बघत होती. मग बॉनेटच्या फटीतून वाफ दिसली आणि मी गाडी कडेला घेतली.

तापलेला रेडिएटर लगेच उघडायचा नसतो, उकळतं पाणी तोंडावर येतं. एवढं मलाही कळतं. पण रस्त्याच्या कडेला, लग्नाच्या दिवशी, नुसतं उभं राहून लोखंड थंड व्हायची वाट बघणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. ताई गाडीभोवती चकरा मारत होती. बॉनेटपाशी जायची, हात जवळ नेऊन धग बघायची, परत जायची. मी फोन काढला. रेंजची एक काडी दिसत होती.

"कुणाला करतेस?" ताईनं विचारलं.

"चिंगीला. सांगते, निघालोय म्हणून. थांबा म्हणते जरा."

ताईनं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "नको करूस."

"का?"

"ती नको म्हणाली तर?" ताई म्हणाली. "फोनवर नको म्हणणं सोपं असतं. आपण समोर जाऊन उभं राहू. समोर असलं की माणूस नाही म्हणत नाही."

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला ओळखू येईना. माझ्या ताईला भीती वाटते आहे हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मी फोन ठेवून दिला. मी त्या वेळी तिचं ऐकायला नको होतं.

फडकं धरून झाकण उघडलं, एक ठेवून बाकीचे कॅन रिकामे केले. खालच्या बाजूला चीर सापडली, तिच्यातून पाणी बारीक धारेनं येत होतं. मी साबण मळून मळून तिच्यात अंगठ्यानं दाबला. बोटं भाजली, ठेवणीतल्या कपड्यांवर काळे पट्टे उमटले, पण धार थांबली. खरंच थांबली. आम्ही दोघी वाकून बघत होतो, एक थेंब पडला, मग बराच वेळ दुसरा पडला नाही. ताई माझ्या पाठीवर थाप मारून "हुशार आहेस," म्हणाली. ही थाप मला लायसन्सच्या वेळी हवी होती, पण असो.

आणि तरीही काटा चढला.

पुढच्या वळणापासूनच चढला. मला काही कळेना. रेडिएटर भरलेला, गळती बुजवलेली, हीटर सोडलेला, आणि गाडी अशी रडतखडत चढत होती की जणू डिकीत कुणी दगड भरलेत. गिअर खाली घेतला तर इंजिन कण्हायला लागलं. त्यात कसला तरी जळका वास येत होता. वर मागून एक ट्रक आला आणि जो हॉर्न वाजवत सुटला, थांबायचं नावच घेईना. मी आरशात बघून त्याचा उद्धार केला. ताईनंही केला. पुढे रस्ता रुंद झाला तिथे मी गाडी बाजूला घेतली, म्हटलं, जा बाबा एकदाचा. तर तो गेला नाही. आमच्या शेजारी येऊन थांबला आणि ड्रायव्हर खिडकीतून खाली वाकला.

"बाई, चढावर ब्रेक दाबून चालवताय होय?"

"काय?" मी म्हटलं.

"अहो, कधीचा बघतोय मागून. तुमचे ब्रेकचे लाल दिवे विझलेलेच नाहीत. म्हणून तर हॉर्न मारत होतो. गाडी पेटवायची आहे का?"

"मी ब्रेकला पायही लावलेला नाही," मी म्हणाले, आणि बोलता बोलताच मला कळलं.

मी शेजारी बघितलं. ताईनंही खाली बघितलं. तिचा उजवा पाय ब्रेकवर होता. जोरात नाही, नुसता टेकलेला. सीटखालून तो कधी निघाला आणि तिथे जाऊन बसला हे तिलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसं ती त्या पायाकडे बघत राहिली.

ट्रकवाला "जपून जा" म्हणाला आणि निघून गेला. आणि माझा तोल गेला. आजवर साठवलेलं सगळं बाहेर पडलं. म्हटलं, रेडिएटरला कशाला बोल लावायचा? गाडीला चढू कोण देत नाही ते बघ. मला चालवू दिलं नाहीस, त्या पोरीला चालवू दिलं नाहीस, आणि आज तिच्या लग्नाला निघालीस तर तिथेही पाय ब्रेकवर! तुला जायचंय तरी का? खरं सांग, तुला जायचंय का तिथे?

"जायचंय," ताई म्हणाली. "मला फार जायचंय."

एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला माझीच लाज वाटली. ती दार उघडून खाली उतरली. मला वाटलं, आता ही इथेच बसून राहते. पण तिनं मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

"चालव," म्हणाली. "मी काही बोलणार नाही."

इंजिन जरा निवेपर्यंत थांबणं भागच होतं. उरलेलं पाणी भरलं. घड्याळाकडे बघायचं मी सोडून दिलं होतं, फोनची ती एक काडीही आता दिसत नव्हती. मग निघालो, आणि गाडी चढली. सरळ, एका दमात, म्हातारी असून चढली. काटा अर्ध्यावर येऊन बसला आणि तिथून हलला नाही. मी आरशात बघत होते. ताईनं डोळे गच्च मिटले होते आणि पुढच्या सीटची पाठ एका हातानं अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती. प्रत्येक वळणावर तिचं तोंड वेडंवाकडं व्हायचं. मुलगी होताना मी तिच्याजवळ होते, तेव्हाही तिनं असं तोंड केलं नव्हतं. पण ती बोलली नाही. घाटमाथ्यावर नाही, उतारावर नाही, शहराच्या गर्दीतही नाही. एका चौकात एक स्कूटरवाला अगदी अंगावर आला तेव्हा मागून फक्त श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

नोंदणी कार्यालय एका जुन्या सरकारी इमारतीत होतं. आवारात मोटारसायकली, पायऱ्यांवर लोक, आत पंख्याची घरघर. मी गाडी लावेपर्यंत ताई उतरून चालायला लागली होती. गळ्यात हात, कपड्यांना काळं, चेहरा घामानं आणि हीटरनं लाल झालेला. पायऱ्यांपाशीच ती थबकली. वरून चिंगी येत होती. साधेच पण नवे कपडे होते, शेजारी तो मुलगा, मागे त्यांचे दोन-तीन मित्र, हसत, कुणीतरी फोटो काढत.

चिंगीनं आईला बघितलं आणि हसणं थांबलं.

"झालं?" ताईनं विचारलं.

"झालं," चिंगी म्हणाली. "मघाशीच झालं." मग तिचं लक्ष प्लॅस्टरकडे गेलं. "हाताला काय झालं?"

"काही नाही. पडले."

तो मुलगा दोन पायऱ्या खाली आला आणि नमस्कार करून म्हणाला, "मी म्हटलं होतं, तुमची वाट बघू, शेवटचा नंबर घेऊ. साहेब तयार होते."

"मी नको म्हटलं," चिंगी म्हणाली. तिची मान ताठ होती. "तू येशील असं मला वाटलं नाही, आई. खरंच वाटलं नाही. मग कुणासाठी थांबायचं?"

मला राहवलं नाही. मी मध्ये तोंड घातलं. "अगं, आम्ही सकाळीच निघालो होतो! तो रेडिएटर मेला घाटात..."

"रेडिएटरला काही झालं नव्हतं," ताई म्हणाली. "म्हणजे झालं होतं, पण उशीर त्याच्यामुळे नाही झाला. माझ्यामुळे झाला. मावशीनं फोन करायचा म्हटला, तोही मीच करू दिला नाही."

चिंगीनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ताईच्या तोंडून 'माझ्यामुळे' हा शब्द आम्ही दोघींनीही ऐकलेला नव्हता. आता ही धावत येऊन आईच्या गळ्यात पडेल, असं मला वाटलं. मी रडायच्या तयारीतही होते. कुणीच हललं नाही.

"तुम्ही आता कुठे निघालात?" ताईनं विचारलं.

"जेवायला. याच्या आईवडिलांकडे."

"मी येऊ?"

विचारलं! माझ्या बहिणीनं परवानगी विचारली. मुलाचा चेहरा उजळला, तो 'अर्थात' म्हणणार होता, त्याचं तोंडही उघडलं होतं. चिंगीनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"आज नको, आई."

"मी काही बोलणार नाही गं."

"मला माहीत आहे. तू मुद्दाम काही बोलणार नाहीस. पण चुकून काही बोललीस, नुसतं तोंड जरी केलंस, तरी ते मला जन्मभर लक्षात राहील. आजचा दिवस मला तसा नकोय." ती जवळ आली. आईच्या कपाळावरचे चिकटलेले केस तिनं बोटानं मागे सारले. "पुढच्या आठवड्यात ये. घरी ये."

मला त्या पोरीचा इतका राग आला की काय सांगू. आणि तिचं काही चुकलं असंही म्हणता येईना. ताईकडे मी बघितलं, आता ही काहीतरी म्हणेल म्हणून. एरवी तिनं दहा कारणं पुढे केली असती.

"बरं," ताई म्हणाली.

ते सगळे फाटकातून बाहेर पडले. त्या मुलानं जाता जाता दोनदा मागे वळून बघितलं. चिंगीनं बघितलं नाही. मी गाडीपाशी गेले, बॉनेट उघडलं. साबण सुटला होता, धार पुन्हा लागली होती, आणि इंजिन निवेपर्यंत झाकणाला हात लावता येणार नव्हता. आवाराच्या नळावरून मी कॅन भरून आणले. ताई बॉनेटच्या सावलीत उभी होती. एका जागी तिला कधी उभं राहता येत नाही, आत्ताही ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती आणि फाटकाकडे बघत होती, तिथे आता कुणी नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात म्हणाली ना?" तिनं विचारलं.

"हो."

"वार सांगितला?"

"नाही."

"विचारू का फोन करून?"

"नको, ताई. आज नको."

"बरं." तिनं चांगल्या हातानं एक कॅन सावलीत ओढला. मी फडकं झाकणावर ठेवून धग बघितली, अजून होतीच. "पण ये म्हणाली ना?"

"म्हणाली."

"घरी ये म्हणाली. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं, ताई," मी म्हणाले. "मी ऐकलं."